धुराची वाट

मोटारी दुरुस्त करणारे सोलापुरात पुष्कळ होते. मी त्यातला नव्हे. मी फक्त धूर बघायचो. इंजिन उघडायचं काम आलं की मी गिऱ्हाइकाला शेजारच्या गॅरेजात धाडायचो, आणि धुराचं काम आलं की शेजारचा माझ्याकडे ढकलायचा. हैदराबाद रस्त्याला, गाव संपतं तिथं माझं पत्र्याचं दुकान होतं. बाहेर जुने सायलेन्सर टांगलेले. माझी बायको म्हणायची, "आमचे हे काय करतात असं कुणी विचारलं तर सांगू तरी काय? गाडीच्या मागच्या बाजूचं बघतात म्हणू?" खोटं थोडंच बोलत होती ती.

ज्यांनी कधी गाडीखाली डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात पेट्रोल जळतं, त्याचा कढत धूर होतो, आणि तो पाइपातून गाडीच्या शेपटीपर्यंत न्यावा लागतो. हा पाइप अखंड नसतो. तुकडे जोडत जोडत जातो. प्रत्येक जोडाला लोखंडाची दोन सपाट तोंडं एकमेकांवर ठेवायची, मध्ये पॅकिंग घालायचं आणि बोल्टांनी आवळायचं. एवढंच. पण लोखंड तापून फुगतं, निवून आकसतं, वर आपले रस्ते, वर आपलं ऊन. जोड फुटला की गाडी फटफट ओरडायला लागते आणि माणूस माझ्या दारात येतो.

माणसं तरी काय एकेक! करमाळ्याचा एक जीपवाला आला. त्यानं फुटलेला जोड चुना आणि गूळ कालवून बुजवला होता. "जुनी देवळं ह्यावरच उभी हायती की!" म्हणाला. थोडे दिवस टिकलंही असेल. माझ्याकडे आला तेव्हा जीपखाली मुंग्यांची रांग लागलेली आणि जळक्या गुळाच्या वासानं दुकानात पाक उतू गेल्यासारखं झालेलं. दुसरा नातेपुत्याचा ट्रकवाला. त्याच्या गाडीचे सगळे जोड मी एकदम चोख करून दिले, तर आठच दिवसांत तणतणत परत आला. "अण्णा, लई मुकी केली की ओ तुमी गाडी! पयलं वेशीत आलो की घरी आवाज जायचा, कारभारीन चा टाकायची. आता मी दारात हुबा ऱ्हातो तरी कुनाला पत्ता न्हाय!" मी म्हटलं, "मग हॉर्न वाजव की बाबा." तर म्हणाला, "हॉर्न तर समदेच वाजवत्यात." एक जोड थोडा सैल करून दिला त्याला. खूश होऊन गेला गडी.

पण माझ्या दुकानात खरं बघण्यासारखं काही असेल तर ते म्हणजे नरसय्यामामा. तो माझा सख्खा मामा नव्हे. तेलुगू विणकराच्या घरातला माणूस, उमेदीची सगळी वर्षं गिरणीच्या मागांवर काढलेली. मागाच्या खडखडाटानं दोन्ही कान गेले तेव्हा त्यानं गिरणी सोडली. माझ्याकडे आला तो अॅस्बेस्टॉसची दोरी वळून द्यायला. त्या काळी जोडांवर हीच दोरी गुंडाळायचे, आणि मामानं वळलेली दोरी अशी घट्ट की सुई शिरणार नाही. दोरी वळता वळता तो फ्लँज, म्हणजे जोडाची ती सपाट तोंडं, घासायला लागला, मग गाडीखाली शिरायला लागला, आणि वर्षभरात दुकान त्याचं की माझं हे गिऱ्हाइकांना कळेना. मलाही फारसं कळत नव्हतं, खरं सांगायचं तर.

बहिरा माणूस धुराची गळती कशी शोधणार? मी कानानं शोधायचो. तो हाताची पालथी बाजू ओली करून जोडाभोवती फिरवायचा, केसाएवढी फूक असली तरी त्याला कळायची. आणि दुसरं म्हणजे तो तोंडं बघायचा. मागाच्या खात्यात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, तिथं माणसं एकमेकांचे ओठ आणि चेहरे वाचून बोलतात. ती सवय त्याला लागलेली. मामासमोर मनातल्या मनात शिवी द्यायची सुद्धा सोय नव्हती. आणि स्वतः बोलायचा तो शेजारी माग चालू असल्यासारखा, बेंबीच्या देठापासून ओरडून.

तर ती गाडी आली, सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा. थंडीचे दिवस. सकाळी ट्रकांची धूळ उडत होती आणि तीतून एक लाल, बुटकी, परदेशी गाडी हळूहळू माझ्या दारात येऊन थांबली. सोलापुरात तशी दुसरी नव्हती. स्टिअरिंग डाव्या हाताला! चहाच्या टपरीवरचे सगळे कप हातात घेऊनच बघायला आले. गाडी शिवानंदची. भवानी पेठेतला, सुताच्या व्यापाऱ्याचा मुलगा. काही वर्षं जर्मनीत कारखान्यात नोकरी करून परतला होता आणि येताना ही गाडी बोटीनं आणली होती. डावा कोपर खिडकीबाहेर काढून चालवायची ऐट होती त्याची. मागच्या सीटवर त्याची बायको शांता. पुढं, त्याच्या शेजारी, मानाच्या जागेवर त्याची आई गौरव्वा. घरात सगळे कानडी बोलायचे, म्हणून सगळे तिला अव्वा, म्हणजे आईच म्हणायचे.

"अण्णा, श्रीशैलला निघालोय," शिवानंद म्हणाला. "मुहूर्त साधून घरातून बाहेर पडलो आणि गाडीत दमच नाही. ही काय अशी गाडी आहे होय? हिला टर्बो आहे."

टर्बो हा शब्द मी तोवर फक्त ऐकला होता. बॉनेट उघडून शिवानंदनं समजावून सांगितलं आणि खरं सांगतो, मी हरखून गेलो. ज्या धुराला आम्ही जन्मभर बाहेरची वाट दाखवली, त्याच धुराला ह्या लोकांनी कामाला लावलं होतं! बाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेत एक लहानसं चक्र. धुराच्या लोटानं ते गरगर फिरायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा, तो हवा दाबून दाबून इंजिनात भरायचा. हवा जास्त, म्हणून जाळ जास्त, म्हणून ताकद जास्त. मी मामाला खुणांनी सांगितलं. त्यानं चक्राच्या डब्यावरून हात फिरवला आणि ओरडला, "वा रे वा! उष्टं पण वाया घालवत नाहीत!"

म्हणजे काय, साध्या गाडीचा जोड फुटला तर नुसता आवाज होतो, पण ह्या गाडीत चक्राच्या आधीचा जोड फुटला तर ताकदच जाते. चक्राला जोर मिळणार कुठून? मी पानाच्या डबीतला चुना पातळ करून त्या जोडाला सगळीकडून फासला आणि बॉनेट पाडून इंजिन चालू ठेवायला सांगितलं. ही आमची जुनी रीत. धूर जिथून फुटत असेल तिथं पांढऱ्या चुन्यावर काळी रेघ उमटते.

वाट बघत होतो तेवढ्यात शिवानंद कौतुकानं सांगायला लागला, "गाडी मात्र एवढी आरामाची आहे अण्णा, अव्वाला गेली दोन वर्षं रात्री झोप नाही, आणि ह्या गाडीत बसली की गावाबाहेर पडायच्या आत गाढ! अक्कलकोटला गेलो, देवळासमोर गाडी थांबवली तरी उठेना. शेवटी हलवून जागं केलं."

अव्वा, शिवानंद उतरताना त्याचीही काच चढवायला लावून, आत बसली होती. वाऱ्यानं तिचा कान ठणकायचा, आणि धूळ तर होतीच. मी बघितलं तर ती आपली शांत.

शांता मात्र खाली उतरली होती, कपाळाला फडकं बांधून. "झोप लागते ते खरं," ती म्हणाली, "पण उठल्यावर काय होतं तेही सांगा की. डोकं फुटतं, वांत्या होतात. माझंपण डोकं धरतं. सगळ्या पेठेचा डोळा आहे ह्या गाडीवर. आणि आज तर निघाल्या निघाल्या अडली. दृष्टच ही!" तिनं पिशवीतून मीठ, मोहरी, लाल मिरच्या काढल्या. सगळं घरून आणलेलं. टपरीवरून निखारे मागून एका घमेल्यात घेतले, गाडीसमोर उभी राहिली, ओवाळलं आणि मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या.

आपल्याकडे काय समजतात ते ठाऊक आहेच. दृष्ट काढताना मिरचीचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती, आणि लागला नाही तर जबरदस्त होती. आम्ही सगळे घमेल्याभोवती उभे. कुणालाच ठसका लागेना. शांताचा चेहरा खुलला. "बघा! बघा! नाकाला एवढासाही वास नाही! केवढी दृष्ट होती!" टपरीवरच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आम्ही सगळे घमेल्याकडे बघत होतो.

मामा घमेल्याकडे बघत नव्हता. त्याला शांताचं बोलणं ऐकूच येत नव्हतं, म्हणून तो नेहमीसारखा तोंडं बघत होता. आणि बंद काचेच्या आड एक तोंड लालबुंद झालं होतं. अव्वा पदर तोंडाला लावून ठसकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि इंजिनाच्या आवाजात बाहेर काही ऐकू येत नव्हतं. मामा एकदम धावला. दार उघडून त्यानं तिला दोन्ही हातांनी बाहेर ओढलं, आत वाकून किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, आणि असा ओरडला की टपरीवरची चहाची किटली हादरली असेल.

"मिरची आत गेली! काचा बंद, दारं बंद, मग मिरची आत गेली कुठनं?"

त्यानं बॉनेटकडे बोट दाखवलं.

"मिरची जाते तर इंजिनाचा धूर जात नसेल का रे?"

मी बॉनेट उघडलं. चुन्यावर काळी कुळकुळीत रेघ, आणि रेघेचं टोक सरळ आतल्या बाजूला, माणसं बसतात तिकडं. धुरात एक वायू असा असतो की त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी डोकं धरल्यासारखं होतं, मग गुंगी येते, आणि बंद जागेत फार वेळ बसला तर तो उठतच नाही. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि मी तिथं उभा राहून म्हातारीच्या झोपेचं कौतुक ऐकत होतो!

इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पत्र्याला, अव्वाच्या पायांजवळ, बोटभर भोक सापडलं. डॅशबोर्डवर देवाचा फोटो होता आणि त्याच्याभोवती लाल-हिरवी लुकलुकणारी माळ. पेठेतल्या वायरमननं त्या माळेची वायर थेट बॅटरीवरून घेतली होती, पत्रा भोसकून. भोक मोठं, वायर बारीक; इंजिनाच्या पंख्यानं ओढलेला मिरचीचा धूरही त्यातूनच आत गेला होता. फोटोपुढं रोज उदबत्ती लावायचे, म्हणून जळक्या पेट्रोलचा जो काही थोडा वास यायचा तोही दडून जायचा. शिवानंद वाचला तो खिडकीबाहेर कोपर काढायच्या ऐटीमुळं.

शांता रडायला लागली. "माळ मीच लावायला सांगितली होती." मी तिच्यावर खेकसलो, "अहो बाई, माळेनं काय केलंय? रडू नका. पाणी द्या आधी त्यांना." मला रागही आला होता आणि भीतीही वाटत होती, आणि अशा वेळी मला नीट बोलता येत नाही. शिवानंद एका जुन्या टायरवर बसला होता. "अण्णा, मी तिला झोपलेली बघून गाणी बारीक करायचो हो," म्हणाला, आणि उठून अव्वाला रुमालानं वारा घालायला लागला.

आता कुणालाही वाटेल, प्रश्न मिटला. कुठला! अव्वा पाणी प्यायली, तोंड पुसून परत गाडीत जाऊन बसली. "चला," म्हणाली.

"अव्वा, गाडी दुरुस्त व्हायला दोन दिवस तरी लागतील," मी म्हटलं.

"मग काच उघडी ठेवून जाऊ. देवाला निघालेलं माणूस मागं फिरत नसतंय. दोन वर्षं म्हणतेय मी, ने मला, ने मला. आता परत उंबरा चढले तर पुन्हा कधी निघते कुणास ठाऊक."

"काच उघडी ठेवून भागणार नाही. दूरचा रस्ता आहे."

"मग बसनं जाते. पण घरी जात नाही." आणि मान फिरवली. शिवानंद विनवू लागला, शांता पाया पडली. दगडाला पाझर फुटेल, पण अव्वाला नाही. तिचं तरी काय चुकलं? वयाच्या त्या टप्प्यावर पुढल्या वर्षाचा भरवसा कोण देणार?

मामा तिच्या ओठांकडे बघत उभा होता. तिच्या कानडी मिसळलेल्या बोलण्यातलं त्याला थोडं कळलं, थोडं नाही, पण 'मागं फिरत नाही' एवढं बरोबर कळलं. तो पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, म्हणजे ओरडलाच, "अव्वा, मागं कशाला फिरता? प्रस्थान ठेवा की! आमचं दुकान श्रीशैलच्याच वाटेवर आहे!"

पूर्वी ही रीत घरोघर होती. मुहूर्तावर निघायचं, पण काही अडचण असली तर आपली एखादी वस्तू वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. मग प्रवास सुरू झाला असं धरतात. माणूस घरी जाऊन जेवलं झोपलं तरी चालतं. माझ्या डोक्यात हे आलं असतं तर मी स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. पण ते आलं मामाच्या डोक्यात.

अव्वानं मांडीवरचं इरकली लुगड्याचं गाठोडं उचलून त्याच्या हातात दिलं. "खाली ठेवायचं नाही," म्हणाली. मामानं ते सायलेन्सरांच्या वरच्या फळीवर, धुतलेलं फडकं अंथरून ठेवलं. त्यानंतर दोन दिवस त्या फळीच्या खालून जाताना तो वाकून जायचा.

आणि मग त्यानं जे काम केलं ते मी आजही डोळ्यांपुढं आणू शकतो. तापून गच्च बसलेले नट. कुणी दुसरा असता तर जोर लावून बोल्ट तोडून बसला असता. मामानं नट तापवला, त्याला मेणबत्ती टेकवली, मेण आत झिरपू दिलं आणि थांबला. थांबणं हेच त्याचं हत्यार होतं. नट बोटानं फिरल्यासारखा फिरला. जोडाचं तोंड बघितलं तर वाकलेलं. आम्ही काचेच्या जाड तुकड्यावर तेलात कालवलेला शेंदूर फासला आणि त्यावर ते तोंड घासलं. जिथं लोखंड उंच तिथं शेंदूर लागतो. तेवढंच कानशीनं घासायचं, पुन्हा काचेवर ठेवायचं, पुन्हा बघायचं. शांता शेंदूर आणून द्यायला आली होती ती तिथंच बसून राहिली. "देवाचा शेंदूर हितं पण लागतो का?" म्हणाली. पहिल्यांदा दोन ठिपके लागले. मग चार. असं करत करत दुसऱ्या दिवशी दुपारी ते तोंड कडेपासून कडेपर्यंत सारखं लाल झालं. मामानं ते माझ्यापुढं धरलं. तोंडानं काही बोलला नाही, ओरडला तर अजिबातच नाही.

मी अॅस्बेस्टॉसचं पॅकिंग काढलं तर त्यानं मान हलवली. एवढ्या तापाला ते टिकणार नाही म्हणाला. तांबटाकडून जुन्या घंगाळाचा पत्रा आणला, त्याची कडी कापली, लालभडक तापवून पाण्यात सोडली. तांबं असं केलं की मऊ होतं आणि दोन तोंडांच्या मध्ये बरोबर बसतं. बोल्ट एकदम आवळायचे नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे. मग इंजिन तापवायचं, निवू द्यायचं, पुन्हा आवळायचं. पत्र्यातलं भोक बुजवलं. देवाची माळ काढली नाही, तिची वायर आतल्या आत फिरवून दिली.

अॅस्बेस्टॉसचं नाव निघालं म्हणून सांगतो. ती दोरी आम्ही वर्षानुवर्षं उघड्या हातांनी वळली, तिची धूळ झटकली, त्याच हातांनी भाकरी खाल्ली. ती फुप्फुसाला काय करते हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारपणी मामाला धाप लागायची. कशानं ते डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं नाही, पण मला ती दोरी आठवते आणि वाईट वाटतं. दुसऱ्यांचा धूर अडवत बसलो आणि आमच्याकडे बघायचं राहिलं.

शेवटची परीक्षा मामानं स्वतः घेतली. अव्वाच्या जागेवर जाऊन बसला, काचा लावून घेतल्या, मला इंजिन चालू करायला सांगितलं आणि शांताला म्हणाला, "ताई, काढा दृष्ट!" पुन्हा घमेलं, पुन्हा मिरच्या. ह्या वेळी आम्ही कुणीही घमेल्याकडे बघत नव्हतो. सगळे काचेला नाक लावून मामाचं तोंड बघत होतो. तो आत मांडी घालून ढिम्म बसलेला. ठसका नाही, खोकला नाही. उलट धुराची आतली वाट बंद झाल्यामुळं आम्हालाच घमेल्याजवळ ठसके लागले. मामानं आतून आम्हाला खोकताना बघितलं आणि पोट धरून हसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अव्वा आली, फळीवरचं गाठोडं मामाच्या हातून घेतलं आणि गाडी सुसाट गेली. टर्बोच्या चक्राची शीळ मी पहिल्यांदाच ऐकली. मामानं माझ्या चेहऱ्यावरून ती ओळखली.

परतताना ते माझ्या दारात थांबले. गाडी उभी राहायच्या आत अव्वानं दार उघडलं आणि काठी टेकत सरळ आमच्याकडे आली. चेहरा रागावलेला.

"काय करून ठेवलंत रे गाडीला?" ती कडाडली. "आधी कशी डोळा मिटला की देवळातच उघडायचा! आता जाताना झोप नाही, येताना झोप नाही. सगळा रस्ता टक्क जागी! कृष्णा बघितली, डोंगर बघितले, झाडावरची माकडं बघितली. आणि हा पोरगा गाडी किती जोरात हाकतो तेपण आत्ता कळलं मला, जीव मुठीत धरून बसले होते!"

शिवानंद तिच्या मागं उभा राहून हसत होता आणि डोळे पुसत होता.

मामाला तिचं भराभरा, कानडी मिसळलेलं बोलणं ओठांवरून लागेना. त्यानं माझा दंड धरला. "काय म्हणतात? काही बिघडलं का?"

मी त्याच्याकडे तोंड करून सावकाश सांगितलं, "अव्वाला गाडीत झोप लागत नाही म्हणतात."

मामानं फडकं खांद्यावर टाकलं, आणि अव्वाला वाकून नमस्कार करत, साऱ्या नाक्याला ऐकू जाईल असा ओरडला, "नकोच लागू दे, अव्वा! नकोच लागू दे!"